गोल्फ सुधारायचाय? सेंट अँड्र्यूजला चला!

तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असणार. शनिवारी पहाटे साडेपाचला उठून रेंजवर जातो, शंभर बॉलची बादली रिकामी करतो, त्यातले दोन बॉल असे काही सुसाट जातात की सोमवारी कॅण्टीनमध्ये त्या दोघांचीच स्टोरी! उरलेल्या अठ्ठ्याण्णवांबद्दल आपण विचारायचं नसतं. दिवाळीच्या बोनसमध्ये नवा ड्रायव्हर येतो, यूट्यूबवर दर आठवड्याला नवा गुरू सापडतो, गाडीच्या डिकीत कायम बॅग असते. आणि स्कोअर? तीन वर्षांपूर्वी होता तिथेच.

माझाही असा एक मित्र आहे. कॉलेजपासूनचा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, दोन वर्षं एडिनबराला ऑनसाइट होता. हँडिकॅप सत्तावीस. ज्यांना गोल्फ फक्त टीव्हीवरच्या हिरव्यागार पडद्यापुरता माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते : अठरा होलचा मोठा कोर्स साधारण ७२ फटक्यांत संपवायचा असतो, त्याला म्हणतात पार. आपल्या चांगल्या दिवशी आपण त्यापेक्षा किती फटके जास्त घेतो, त्याचा ढोबळ हिशेब म्हणजे हँडिकॅप. जितका कमी तितके तुम्ही भारी.

गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेले तेव्हा साहेब जाम वैतागले होते. प्रोजेक्ट ऑक्टोबरमध्ये संपणार, मग परत पुणे. पुण्यात एका क्लबच्या मेंबरशिपचा आकडा काढला होता, तो ऐकून बायकोनं फक्त फ्लॅटच्या हप्त्याची तारीख आठवून दिली होती. म्हणजे हवं तेव्हा, हवं तितकं खेळायला मिळणारे शेवटचे चार महिने. "एवढ्यात सुधारलो नाही ना, तर बॅग विकून टाकतो," तो म्हणाला. चेष्टेत नव्हता.

त्याचे बाबाही तेव्हा तिथे आले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काका एकतीस वर्षं कंपनीच्या बसनं एका गोल्फ कोर्सच्या भिंतीकडेनं कामावर गेले. भिंतीपलीकडे काय चालतं ते कधी पाहिलं नाही. मुलगा तिकडचा खेळ खेळतो याचा अभिमान होता, पण त्यावर तो इतका पैसा का घालवतो हे काही कळत नव्हतं. शेवटी ठरलं : शुक्रवार ते सोमवार, सेंट अँड्र्यूज. गोल्फची पंढरीच की ती!

गाव कुठे संपतं?

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. होतं, ते १९६९ मध्ये बंद झालं. एडिनबराहून तासाभरात ल्यूकर्सला उतरायचं आणि समोरच्या बसमध्ये बसायचं. दहा-पंधरा मिनिटांत समुद्र दिसतो, मग पडक्या कॅथीड्रलचे मनोरे आणि मग एकदम हिरवं मैदान. गाव एवढंसं. तीन मुख्य रस्ते, १४१३ ची युनिव्हर्सिटी, सायकलवरचे स्टुडंट्स, आणि १९०८ पासूनचं 'जनेटाज'चं आइस्क्रीम. शेवटच्या घरांच्या पुढ्यातच ओल्ड कोर्सचं अठरावं ग्रीन. मध्ये फक्त एक रस्ता आणि बुटकं कुंपण. भिंत नाही, सिक्युरिटी नाही, बूम बॅरिअर तर नाहीच.

मला आधी वाटलं होतं की हे लॉर्ड लोकांचं संस्थान असणार. पण मामला उलटा आहे. स्कॉटलंडमध्ये १४५७ मध्ये राजानं गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं तिरंदाजीची प्रॅक्टिस सोडून हेच खेळत बसायची. (आई-बाबा, ऐकताय ना? गेमपायी अभ्यास बुडणं हे काही आजचं नाही.) पुढे १५५२ च्या एका दस्तऐवजात इथल्या समुद्रकाठच्या माळावर खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. आज इथले सात कोर्स एक ट्रस्ट चालवतो, तोही १९७४ मध्ये पार्लमेण्टच्या कायद्यानं झालेला. अठराव्या ग्रीनमागे दिमाखात उभा असलेला 'रॉयल अँड एन्शण्ट'चा क्लब खासगी आहे (तिथे बायकांना मेंबरशिप द्यायला २०१४ उजाडलं!), पण समोरची जमीन सार्वजनिक.

माळ सार्वजनिक असल्यामुळे एक मजेशीर गोष्ट झाली आहे. इथे शिकणाऱ्याला चढायला पायऱ्या आहेत. लहान मुलं आणि नवशिक्यांसाठी बालगोव्ह, नऊ होलचा. मग स्ट्रॅथटायरम, अठरा होलचा पण आखूड आणि मवाळ. मग १९१४ चा ईडन, १८९५ चा न्यू (हो, शंभराहून जास्त वर्षं झाली तरी नाव न्यूच!), मग अवघड ज्युबिली, गावाबाहेर कड्यावरचा २००८ चा कासल, आणि या सगळ्यांत थोरला तो ओल्ड. बालगोव्हवर सुरुवात केलेलं पोर चालत चालत ओल्डवर पोचू शकतं. सुधारण्याचा आख्खा प्लॅन गावानं जमिनीवरच आखून ठेवलाय!

एकशेचार फटके गेले कुठे?

शनिवारी सकाळी मित्रानं प्रॅक्टिस सेंटरवर तासाभराचा धडा लावला होता. त्याला वाटलं, आता कोचबाई त्याचा स्विंग व्हिडिओवर घेतील, मनगट फिरवतील, खांदा ढकलतील. बाईंनी विचारलं, "मागच्या राउंडला किती?"

"एकशेचार."

"ते कुठे गेले?"

याला कळेचना. बाईंनी स्कोअरकार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले. हरवलेले बॉल. तीन-तीन पट लागलेली ग्रीन्स. ग्रीनच्या जवळून फुकट गेलेले फटके. बंकरमध्ये राहिलेले फटके. गोल्फ खेळणाऱ्यांची एक गंमत असते, परवाची मीटिंग आठवत नाही, पण गेल्या महिन्यातल्या सातव्या होलवरचा दुसरा फटका बॉलच्या ब्रँडसकट आठवतो. वीस मिनिटांत आख्खा राउंड कागदावर आला.

पाच बॉल हरवले होते. बॉल हरवला की एक फटका दंड आणि मारलेला फटकाही वाया, म्हणजे पाच बॉलचे दहा फटके. सात ग्रीन्सवर दोनऐवजी तीन पट, म्हणजे सात. ग्रीनच्या जवळून चुकलेले सहा. बंकरमध्ये तीन. झाले सव्वीस. पारपेक्षा जास्त होते बत्तीस. उरले किती? सहा! ज्या 'स्विंग'साठी त्यानं तीन वर्षं आणि तीन ड्रायव्हर घालवले, त्यातून फार तर हे सहा वाचले असते.

"पण पाच बॉल ड्रायव्हरनंच हरवले ना? म्हणजे स्विंगच वाईट," मित्र म्हणाला. पॉइंट होता. बाईंचं उत्तर मला फार आवडलं. स्विंग बदलायला सहा महिने लागतात. क्लब बदलायला सहा सेकंद. अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच ठेव, हायब्रिडनं मार. तीस यार्ड कमी जाईल, पण सापडेल.

इथे जाणकारांमध्ये एक जुना वाद आहे. गोल्फच्या जगात पूर्वापार म्हणतात की लांब फटका दाखवण्यापुरता, पैसे मिळतात ते पटिंगमध्ये. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्रोफेसर मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकन टूरचे लाखो फटके कॉम्प्युटरवर तपासले आणि २०१४ च्या पुस्तकात चक्क उलटं मांडलं. भारी खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातल्या फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १०० यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. पटिंगचा वाटा त्यामानानं लहान.

आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये दीडशेवी ओपन याच ओल्ड कोर्सवर झाली. शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉयनं सगळीच्या सगळी अठरा ग्रीन्स वेळेत गाठली आणि एकूणेक ग्रीनवर दोन पट घेतले. छत्तीस पट! पुढे असूनही तो तिसरा आला. कॅमेरॉन स्मिथनं दहाव्या ते चौदाव्या होलवर सलग पाच बर्डी काढल्या, ६४ फटक्यांत राउंड संपवला आणि चषक नेला.

मग खरं कोण? दोघंही. ब्रॉडींचा आकडा हजारो खेळाडूंच्या सरासरीचा, रोरीचा दिवस रोरीचा. तुमचे फटके कुठे गळतात ते फक्त तुमचं कार्ड सांगू शकतं. मित्राचा प्लॅन उचलून तुम्ही सुधारणार नाही, तसंच तुमचा उचलून मी.

काका, कॅरम आणि हिमालय

धडा संपल्यावर आम्ही गेलो हिमालयात. खरंच! ओल्ड कोर्सच्या शेजारी, वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत एक पटिंगचं मैदान आहे, त्याचं लाडकं नाव 'हिमालयाज'. १८६७ मध्ये इथल्या बायकांच्या पटिंग क्लबसाठी ते तयार झालं. त्या काळी बाईमाणसानं हात खांद्याच्या वर नेऊन मोठा फटका मारणं शोभत नाही असं मानायचे. मग बायकांनी आपलं वेगळं मैदान मिळवलं. आज कुणीही थोडे पौंड भरून खेळू शकतं. पटर आणि बॉल तिथेच मिळतात.

जमीन कशी? आपल्या वरंध घाटासारखी! उंचवटा, खड्डा, पुन्हा उंचवटा. बॉल डावीकडे मारला की उजवीकडून येतो. आजी-आजोबा, हनीमूनवाले जपानी जोडपं, चार वर्षांची चिमुरडी, सगळे एका रांगेत.

काकांच्या हातात आम्ही पटर दिला तो गंमत म्हणून. पहिल्या तीन होलवर त्यांनी हात साफ केला. चौथ्यापासून ते मारण्याआधी होलकडे बघायचे, मग होलच्या पुढच्या उताराकडे, मग बॉलकडे. मित्र मात्र मान खाली घालून पटरचा अँगल जुळवत बसलेला. अठरा होल झाले आणि काका चार फटक्यांनी जिंकले.

"बाबा, कसं काय?"

"अरे, कॅरम आहे हा! स्ट्रायकर कुठे थांबला पाहिजे ते आधी ठरवायचं. मग बोट. तू नुसती दिशा बघतोस. जोराचं काय?"

मी नंतर पुस्तकं चाळली, तर तिथेही हेच. लांबचा पट सहसा फुटा-दोन फुटांनी डावी-उजवीकडे जातो, पण जोर चुकला की सहा-आठ फूट लांब किंवा आखूड राहतो. आणि आठ फुटांवरून टूरवरचे प्रोफेशनल्ससुद्धा निम्म्याच वेळा बॉल होलात घालतात. म्हणजे तीन पटांचा घोळ शेवटच्या पटात होत नाही, पहिल्यात होतो. ओल्ड कोर्सवर तर ही परीक्षाच असते. तिथे सात ग्रीन्स जोडग्रीन्स आहेत. जाताना दुसरा आणि येताना सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशी एकेका ग्रीनवर दोन-दोन होल (बेरीज नेहमी अठरा!). जाताना पांढरी निशाणं, येताना लाल. चुकीच्या बाजूला पडलात तर तीस-चाळीस पावलांवरून पट!

दुपारी बालगोव्हवर दुसरा धडा मिळाला, तोही फुकटात. आमच्या पुढे खेळणारी आठेक वर्षांची मुलगी ग्रीनच्या वीस यार्ड बाहेरूनच पटर काढायची. बॉल घरंगळत, उड्या मारत जवळ जाऊन थांबायचा. मित्राकडे उंच उडवायची साठ डिग्रीची वेज होती. त्यानं दोनदा जमीन खणली. समुद्रकाठची ही जमीन कडक, गवत बारीक कापलेलं, चूक लपत नाही. २०२२ मध्ये स्मिथनंही सतराव्या होलवर हेच केलं होतं. समोर रोड बंकर आ वासून बसलेला, तर त्यानं बॉल उडवला नाही, पटरनं बंकरला वळसा घालून वर नेला आणि पार वाचवली. चॅम्पियन आणि बालगोव्हची मुलगी, दोघांचा फंडा एकच : पट करता येतोय का? करा. नाही? मग सात नंबरनं जमिनीलगत ढकला. तेही शक्य नसेल तरच उडवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गवत ओलं आणि दाट असतं, तिथे बॉल उचलावाच लागतो. पण दिवाळीनंतर हा फंडा शंभर टक्के चालतो.

रविवारची पदयात्रा

रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो. त्या दिवशी ते गावाचं मैदान. लोक कुत्री घेऊन येतात, बाबागाड्या येतात, मुलं पतंग उडवतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून एक आडवा रस्ता जातो, 'ग्रॅनी क्लार्क्स वाइंड', तो ओलांडून लोक समुद्रावर जातात. आम्हीही शिरलो.

काका कडेकडेनं चालत होते. "इथे कुणी हटकत नाही का रे?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. हात पाठीमागे बांधून फेअरवेच्या मधोमध चालू लागले आणि स्विल्कन पुलावर, जिथे निकलसपासून टायगरपर्यंत सगळ्यांनी फोटो काढलेत, तिथे स्वतःहून म्हणाले, "काढ एक."

ओल्ड कोर्स चालून बघितला की प्लॅनचा उरलेला भाग समजतो. इथल्या बऱ्याच होलवर उजवीकडे गेलात तर हद्दीबाहेर किंवा काटेरी पिवळ्या झुडपांत. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे, मोकळा. म्हणून इथला प्रत्येक कॅडी सांगतो, चुकायचंच असेल तर डावीकडे चुका. सरळ मारता येणं हे नशीब, कुठे चुकायचं हे ठरवणं आपल्या हातात.

चौदाव्या होलवर 'हेल' बंकर. नावच नरक! पुरुषभर उंचीपेक्षा खोल. १९९५ च्या ओपनमध्ये खुद्द जॅक निकलसला यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा. याच कोर्सवर दोनदा ओपन जिंकलेला माणूस! मग आपण काय करायचं? वर बघायचं नाही, मागे बघायचं. आडवं किंवा उलटं, पण एका फटक्यात बाहेर. २०१९ च्या नियमांनुसार तर दोन फटके दंड घेऊन बॉल बंकरच्या मागे बाहेर ठेवायचीही मुभा आहे. ज्याचा बंकरमध्ये सरासरी तीनचा रेट आहे, त्याला हा सौदा वाईट नाही.

आणि अकराव्या होलवर बॉबी जोन्सची गोष्ट. १९२१ च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांचा जोन्स इथल्या 'हिल' बंकरमध्ये अडकला, चिडला आणि स्पर्धा तिथेच सोडून दिली. पुढे १९२७ मध्ये त्यानं याच कोर्सवर ओपन जिंकली, १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअरही इथेच जिंकली, आणि १९५८ मध्ये गावानं त्याला मानद नागरिक केलं. त्या सहा वर्षांत हात सुधारले असतीलच, पण मुख्य सुधारलं ते डोकं. मित्र त्या बंकरपाशी बराच वेळ उभा होता. बॅग विकायची भाषा त्यानंतर मी ऐकली नाही.

मग सोमवारी काय झालं?

सिनेमात काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्यक्षात ओल्ड कोर्सच्या लॉटरीत त्याचं नाव आलं नाही. तो स्ट्रॅथटायरमवर खेळला. तिथे पार ६९. स्कोअर आला ९८. म्हणजे पारपेक्षा एकोणतीस जास्त, आधी बत्तीस होते. तीन फटक्यांची सुधारणा, तीही सोप्या कोर्सवर. पण कार्डाची मागची बाजू बघा : हरवलेला बॉल फक्त एक. तीन पट चार ग्रीन्सवर. ग्रीनच्या जवळून फुकट गेलेले मात्र सहाचे नऊ झाले होते. तो मला नाचत दाखवत होता, "हे बघ, इथे गळतंय!" तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला कळत होतं की पुढच्या आठवड्यात नेमकं काय करायचं.

ऑक्टोबरपर्यंत सत्तावीसचा चोवीस झाला. ओल्ड कोर्सची लॉटरी काही लागली नाही. आता तो पुण्यात आहे, पंधरा दिवसांतून एकदा खेळतो. काकांनी कॅरम बोर्ड पुन्हा बाहेर काढलाय.

तुमचा प्लॅन, आठवड्याला चार तास

स्कॉटलंडला जायला सुट्टी आणि व्हिसा लागतो. हे मात्र इथेच जमतं.

आधी पाच राउंड नुसते मोजा. काही बदलू नका. कार्डाच्या मागे ते चार रकाने. पाच राउंडनंतर ज्या रकान्यात सगळ्यात जास्त फटके, तिथे महिनाभर निम्मा वेळ.

मंगळवारी अर्धा तास घरी पटिंग. सतरंजीवर तीन फुटांवरून सलग वीस. चुकला की पुन्हा एकपासून. ग्रीनवर जाल तेव्हा दहा, वीस, तीस पावलांवरून पायपुसण्याएवढ्या जागेत बॉल थांबवायची प्रॅक्टिस. होलाकडे बघूच नका. (काकांचं स्मरण करा.)

गुरुवारी रेंजवर तासभर, पण बॉल पन्नासच. दर बॉलला क्लब बदला, दर बॉलला नवं टार्गेट. कोर्सवर कुणी आपल्याला एकच फटका पन्नास वेळा मारू देत नाही, मग रेंजवर का मारायचा?

शनिवारी नऊ होल आणि त्यानंतर वीस मिनिटं ग्रीनच्या कडेला. खारघरला डोंगराच्या कुशीतला सिडकोचा कोर्स मेंबरशिपशिवाय, फी भरून खेळता येतो. कॅडी घ्या आणि त्याला स्कोअर नाही, चुकायची बाजू विचारा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच मोठा झाला होता. आपण ज्याच्या खांद्यावर बॅग देतो, त्याच्या डोक्यात आख्खा कोर्स असतो.

आणि पाठ सांभाळा. अमेरिकेत डॅन मॅक्लॉफ्लिन नावाच्या फोटोग्राफरनं २०१० मध्ये नोकरी सोडून दहा हजार तास गोल्फ खेळायचा पण केला. सुरुवात होलाजवळच्या पटपासून, मग एकेक पाऊल मागे. हँडिकॅप तिनाच्या आत आणला, पण तास पूर्ण व्हायच्या आधीच पाठीच्या दुखण्यानं खेळ थांबला. तुम्ही-आम्ही तर दिवसभर खुर्चीत बसणारे. खेळायच्या आधी दहा मिनिटं कंबर मोकळी करा.

हँडिकॅप रोज बघू नका. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत तो शेवटच्या वीस राउंडमधल्या उत्तम आठांवरून निघतो. त्यामुळे एक भन्नाट रविवार त्याला फारसा हलवत नाही आणि एक भिकार रविवार तर बहुधा मोजलाच जात नाही. तीन महिन्यांनी बघा. तोवर रकाने बघा.

जायचंच असेल तर

कसं : एडिनबराहून ट्रेननं ल्यूकर्स, तिथून बस.
कधी : मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. वारा बाराही महिने, विंडचीटर मस्ट.
ओल्ड कोर्स : हँडिकॅपचा दाखला लागतो. लॉटरीसाठी दोन दिवस आधी, किमान दोघांनी नाव द्यायचं. सीझनमध्ये फी तीनशे पौंडांच्या पुढे. रविवारी चालायला फुकट.
बालगोव्ह : दाखला लागत नाही.
हिमालयाज : उन्हाळ्यात. पटर नेऊ नका, तिथे मिळतो. सोबत कॅरम खेळणारे कुणी असतील तर मात्र पैज लावण्याआधी विचार करा!